फिरवलेली ताटली

ताटली कधी फिरवायची हे बुरुलला आता बघावंही लागत नसे. नवऱ्याचा काटा ताटलीच्या रिकाम्या भागावर वाजला की ती चहाची किटली उचलायच्या निमित्ताने पुढे वाकायची आणि जाता जाता दोन बोटांनी त्याची ताटली अर्धी फिरवून टाकायची. डावीकडे राहिलेलं खाणं उजवीकडे यायचं आणि इशेनबेक पुन्हा जेवायला लागायचा. दिवसातून तीनदा, जवळजवळ वर्षभर. एवढ्या काळात दुसरी एखादी बाई जादूचे खेळ करून पोट भरायला लागली असती. बुरुलचं मात्र स्वतःचं जेवण त्या नादात गार होऊन जायचं.

इशेनबेकला यातलं काही माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. सासूच्या, म्हणजे आपाच्या, नजरेतून सुटलं नसतं, पण तिचे डोळे वर्षभरात इतके धुरकट झाले होते की समोर पाव आहे की साखर, हे तिला चाचपून बघावं लागायचं.

इशेनबेक कोचकोरहून नारिनला सवाऱ्या नेणारा ड्रायव्हर. पंचवीस वर्षं त्याने डोलोनच्या घाटातून गाडी नेली होती. जानेवारीतल्या बर्फात, मेमधल्या चिखलात, लग्नाच्या वऱ्हाडासकट आणि एकदा तर अडलेल्या बाळंतिणीसकट. गाडीला कधी साधा ओरखडा नाही. असा माणूस पडला कशावरून, तर गवताच्या गंजीवरून. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ट्रकवर गवत रचताना पाय घसरला आणि डोकं ट्रकच्या मागच्या लोखंडी हुकावर आपटलं. मेंदूत उजवीकडे रक्त साचलं. बिश्केकला नेऊन कवटी उघडावी लागली, दोन महिने इस्पितळात काढावे लागले. डोलोनने ज्याला सोडलं, त्याला घरच्या गवताने धरलं. बुरुलला अजून त्या गवताचा राग यायचा. पण रागावून करते काय, गायीला तेच घालायचं होतं.

हातपाय परत आले. बोलणं तर गेलंच नव्हतं, उलट जरा वाढलंच होतं. गेली ती डावी बाजू. बिश्केकच्या डॉक्टरणीने बुरुलला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "डोळे धड आहेत यांचे. पण डावीकडे काही असतं, हेच मेंदूच्या लक्षात येत नाही. आंधळ्याला निदान ठाऊक असतं की आपल्याला दिसत नाही. यांना तेही कळणार नाही. मान वळवायची सवय लावा. सुधारेल बरंच. पण थकले की पुन्हा तसंच होईल, एवढं विसरू नका."

बुरुलने प्रयत्न केला नाही असं नाही. पण मान वळवा, मान वळवा म्हणून माणूस किती ओरडणार? आधी तो चिडायचा, मग रडायला लागायचा, आणि बावन्न वर्षांचा ड्रायव्हर जेवणापुढे बसून हमसून हमसून रडतोय हे तिला बघवेना. त्यापेक्षा ताटली फिरवणं सोपं होतं. मग चहाचा पियाला उजव्या हाताशी ठेवणं, पलंग डाव्या भिंतीला लावणं, पाहुणा आला की त्याला उजव्या अंगाला बसवणं, हे सगळं ओघाने आलं. दाढी करून तो आला की "साबण राहिलाय हो" म्हणत ती त्याच्या डाव्या गालावरून वस्तरा फिरवून घ्यायची. हळूहळू तिने घरातून डावी बाजूच काढून टाकली, आणि त्या घरात इशेनबेक ठणठणीत बरा झाला.

"बरा झालोय मी," तो उन्हाळ्यापासून भेटेल त्याला सांगत होता. कागदभर विखुरलेल्या रेघा एकेक करून खोडायची डॉक्टरी परीक्षा असते, तीत पहिल्या खेपेला तो डावा अर्धा कागद कोरा सोडून आला होता. मग नातीच्या, मुलगी मेरिमच्या पोरीच्या, वह्या घेऊन त्याने दोन महिने सराव केला. डाव्या कडेला बोट ठेवायचं आणि तिथून सुरुवात करायची, हे घोकून पाठ केलं. तिसऱ्या खेपेला एकही रेघ सुटली नाही. गाडी चालवायच्या परवानगीवर सही करताना डॉक्टरीण म्हणाली, "एका दमात तासाभराच्या वर नको." इशेनबेकने मान हलवली. वाटेवरच्या पोलिसांपुढे तो पंचवीस वर्षं हलवत आला होता तशीच.

आता राहिला होता स्टँडवरचा नंबर. तिथे सरकारचा कागद चालत नाही, ड्रायव्हरांचा शब्द चालतो. त्यांनी ठरवलं की शार्शेनने इशेनबेकच्या शेजारी बसून नारिनला एकदा जाऊन यावं. शार्शेन हो म्हणाला, की सोमवारपासून इशेनबेकची गाडी रांगेत. शार्शेन त्याच्याहून एक वर्षाने लहान, एकाच गल्लीत वाढलेला. त्यामुळे बुरुल त्याची जेंगे, म्हणजे वहिनी, आणि वहिनीची थट्टा करायचा हक्क तो तीस वर्षं न चुकता बजावत आला होता.

आणि बुरुलला काय हवं होतं? नवरा बरा व्हायला हवा होता, हे तर झालंच. पण त्याहून खरं म्हणजे तिला तो सकाळी आठला घराबाहेर पडून संध्याकाळी सहाला परत यायला हवा होता. ती थकली होती. झोपून जाणारा थकवा वेगळा. हा हाडांत जाऊन बसला होता. दिवसातले दहा तास कुणाची ताटली, कुणाचा पियाला, कुणाची मान यांच्याकडे न बघता घालवायचे, एवढं एकच तिला सुचत होतं. हे मनात आलं की तिला स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटून झाली की ते पुन्हा मनात यायचं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी ते निघाले. आपाचा नवा चष्मा नारिनला तयार होता, तेवढंच निमित्त. अंगणात आपाने दोन्ही तळवे उघडून वर धरले, तसे सगळ्यांनी धरले.

"तुझा रस्ता पांढरा असू दे," आपाने मुलाला सुखरूप प्रवासाचा आशीर्वाद दिला. "समोरून येणाऱ्याचाही असू दे. ओमिन."

सगळ्यांनी तळवे तोंडावरून खाली आणले. बुरुलने डाव्या बाजूच्या आरशाला लाल फडकं बांधलं होतं. ते दिसेपर्यंत मान वळवायची, असं ठरलं होतं. निघायच्या गडबडीत गालावरून वस्तरा फिरवायचा तेवढा राहिला.

"काय हो जेंगे, घोड्याला दृष्ट लागू नये म्हणून बांधलंत की ड्रायव्हरला?" शार्शेनने पुढे बसता बसता विचारलं.

"शेजारी बसणाऱ्याला. सगळ्यात जास्त चकाट्या तोच पिटतो."

"मी आज गप्प बसणार. परीक्षक बोलत नसतात."

"बघू या सारी-बुलाकपर्यंत तरी टिकतोस का," इशेनबेक म्हणाला आणि त्याने किल्ली फिरवली. गाडीने एका दमात साद दिली. त्याच्या खांद्यांतून काहीतरी सैल झाल्यासारखं बुरुलला मागून दिसलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो तिला तिचा नवरा वाटला.  तिने आपाच्या शालीची घडी पुन्हा नीट केली.

तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात आणि ड्रायव्हर डावीकडे बसतो. ती मुद्दाम उजवीकडच्या सीटवर, शार्शेनच्या मागे बसली होती. तिथून आतल्या आरशात नवऱ्याचे डोळे दिसायचे. आपा तिच्या डावीकडे, इशेनबेकच्या पाठीमागे.

गाडी तो सुरेख चालवत होता. त्यात खोट काढायला जागा नव्हती. घाट चढताना गिअर असा बदलायचा की आपाच्या मांडीवरचा पावाचा डबा जागचा हलत नव्हता. दर थोड्या वेळाने मान डावीकडे, लाल फडक्यापर्यंत, मग समोर. बुरुल मनात मोजत होती. एक, दोन, तीन, चार, आणि मान. पुन्हा एक, दोन, तीन, चार, आणि मान. शार्शेनने तर पाय लांब करून आरामात पाठ टेकली.

वर डोलोनला रस्त्याच्या कडेला ताजं बर्फ होतं.

"मेरिमचे अता, थांबायचं का जरा?" तिने नवऱ्याला लेकीचा बाप म्हणून हाक मारत विचारलं. "चहा आहे थर्मासात."

"कशाला? सवाऱ्या असल्या म्हणजे मी इथे थांबतो का?"

"तासाच्या वर झालं."

"अगं म्हातारे, उतारावर गाडी आपोआप जाते, ड्रायव्हर नुसता सोबतीला असतो." शार्शेन हसला. आपाही हसली. बुरुल हसली नाही, पण पुढे काही बोललीही नाही.

उतारावर त्याचं बोलणं वाढलं. कुणा ड्रायव्हरचं चाक निखळून गाडीच्या पुढे पळत गेलं आणि गावात सगळ्यांच्या आधी पोचलं, ती जुनीच गोष्ट त्याने रंगवून सांगायला घेतली. बुरुल मोजत होती. सात, आठ, नऊ, आणि मान. मग अकरा, बारा, तेरा, चौदा. मग तिने मोजणं सोडून दिलं, कारण आकडे वाढत होते आणि मान वळत नव्हती.

घाट संपला की कोक-जार लागतं. इशेनबेकच्या वडिलांचं गाव. गावाच्या आधी रस्त्याच्या डाव्या अंगाला टेकडीवर कबरस्तान. मातीचे घुमट, लोखंडी चंद्रकोरी, आणि अगदी रस्त्यालगत सासऱ्यांची कबर, तिच्यावर लोखंडी सळ्यांचा निळा सांगाडा तंबूसारखा उभा. कबरस्तान आलं की दोन्ही हात वर करून तोंडावरून फिरवायचे, ही रीत. मग तुम्ही सवारी असा नाहीतर ड्रायव्हर. गाडी ऐंशीच्या वेगात असली तरी इथले ड्रायव्हर दोन्ही हात सोडून ती पाळतात. मेलेल्यांना आठवता आठवता स्वतः त्यांच्यात जाऊन बसायची वेळ यायची, पण कुणी तिच्यात कसूर करत नाही. इशेनबेक तर नाहीच नाही. एकदा कानात वायर घालून बसलेल्या एका विद्यार्थ्याने हात फिरवले नाहीत, म्हणून त्याने गाडी थांबवून त्याला खाली उतरवलं होतं आणि मागे चालत जाऊन हात फिरवून यायला लावलं होतं.

आपाला धड दिसत नव्हतं, पण रस्त्याचं वळण तिला अंगात कळलं. तिचे हात सगळ्यांच्या आधी वर गेले. मग शार्शेनचे. मग बुरुलचे.

"...आणि चाक काय करतं माहितीये," इशेनबेक म्हणत होता, "सरळ न्हाव्याच्या दुकानात! न्हावी म्हणतो, बस, तुझ्या आधी दोघं जण आहेत!"

त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. आरशात त्याचे डोळे हसत होते. निळा सांगाडा त्याच्या कोपरापासून दहा-बारा हातांवरून मागे गेला, बाप मागे गेला, आणि तो न्हाव्याचा आवाज काढत राहिला.

 समोरून दुधाचा टँकर आला आणि डाव्या बाजूने घोंगावत निघून गेला. शार्शेनने लांब केलेले पाय जवळ घेतले आणि नारिनपर्यंत त्याचा डावा हात स्टिअरिंगच्या बाजूला, मांडीवर, तयार राहिला.

"का रे, हसला नाहीस," इशेनबेक म्हणाला.

"ऐकलेली आहे," शार्शेन म्हणाला.

नारिनला चष्म्याच्या दुकानात पोरीने आपाच्या नाकावर नवा चष्मा चढवला. आपाने आधी छताकडे बघितलं, मग पोरीकडे, मग मुलाकडे वळून त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अरे, म्हातारा झालास की," ती म्हणाली. मग जवळ जाऊन तिने त्याच्या डाव्या गालावर हात ठेवला. "आणि ही दाढी अर्धी ठेवायची कुठली नवी पद्धत?"

इशेनबेकने गाल चाचपला. कानाखालून हनुवटीपर्यंत पांढरे खुंट तसेच होते. तो हसला, पण हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. "घाईत राहिली," तो म्हणाला आणि बुरुलकडे बघितलं. बुरुल पर्स बंद करत होती. बंद असलेलीच पर्स ती पुन्हा बंद करत होती.

चहाच्या दुकानात तो आणि आपा आत बसले असताना शार्शेनने तिला बाहेर गाठलं. आज त्याच्या तोंडावर थट्टेचा मागमूस नव्हता.

"जेंगे, बघितलंत ना?"

"बोलण्याच्या नादात राहिलं असेल."

"बापाच्या कबरीवर? इशेनचं?"

ती समोरच्या बाजाराकडे बघायला लागली.

"हे बघा," शार्शेन म्हणाला, "तुम्ही म्हणालात की नादात राहिलं, तर नादात राहिलं. सोमवारी नंबर देतो. तुम्ही म्हणालात नाही, तर नाही."

"माझ्या गळ्यात घालू नका हे."

"मग कुणाच्या घालू? चौदा महिने त्याच्याबरोबर तुम्ही आहात. मी आज अडीच तास बसलोय आणि माझा सदरा पाठीला चिकटलाय. अहो, रस्ता त्याला पाठ आहे, झोपेतही चालवेल. समोरून येणारा ट्रक पाठ नसतो ना! आणि उद्या मागे सहा सवाऱ्या असतील, त्यांतली दोन पोरं असतील."

"येताना तुम्ही चालवा."

"चालवतो. त्याला काय सांगू?"

 उत्तर बुरुलजवळ होतं, पण ते एक उत्तर बाहेर काढायचं तर ताटलीपासून सगळंच काढावं लागलं असतं.  समोरच्या फळीवर एक बाई कुरुतच्या, म्हणजे सुकवलेल्या दह्याच्या, पांढऱ्या गोळ्या रचत होती, एक ओळ झाली की दुसरी. आपण खोटं बोललो नाही, नुसती ताटली फिरवली, असं बुरुलने स्वतःला सांगून बघितलं. पटलं नाही. घरात आपण त्याच्यासाठी एक रस्ता आखून दिला, ज्यावर डावीकडून कधी काही येत नाही, आणि आता तो खऱ्या रस्त्यावर आलाय, हे तिला अगदी स्वच्छ कळलं. आणि तरीही, इतकं कळूनही, सोमवारचे ते रिकामे दहा तास तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

"चला गं, निघू या उजेड आहे तोवर," आतून इशेनबेक बाहेर आला. चहा झाला होता, तासभर टेकणं झालं होतं, चेहरा पुन्हा तरतरीत दिसत होता. शार्शेनने बुरुलकडे बघितलं. बुरुलने मान खाली घातली. इशेनबेक ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसला.

गाव मागे पडलं. आपा नव्या चष्म्यातून खिडकीबाहेर बघत होती आणि मधूनच "घोडे बघ," "पॉप्लरची झाडं पिवळी झाली बघ," असं पुटपुटत होती. इशेनबेकची मान नेमाने लाल फडक्यापर्यंत जात होती. तिला शोधूनही चूक सापडेना. सकाळचं खरंच नादात झालं असेल, असं तिला वाटायला लागलं. वाटायला लागलं म्हणण्यापेक्षा, वाटून घ्यायला ती उत्सुक होती.

वीस मिनिटांनी कोक-जार आलं. टेकडी आता उजव्या हाताला होती.

इशेनबेकने लांबूनच निळा सांगाडा बघितला. वेग थोडा कमी केला, दोन्ही हात उचलले, तोंडावरून फिरवले. "ओमिन. अता, येतो रे," नेहमीसारखं म्हणाला. बाकीच्या तिघांचेही हात फिरले.

त्याचे हात स्टिअरिंगवर परत आले आणि गाडी हळू होत गेली. चाळीस, तीस, वीस. मग रस्त्याच्या कडेला खडीवर थांबली. त्याने इंजिन बंद केलं.

"शार्शेन," तो म्हणाला. "जाताना मी हात फिरवले होते ना? मला आठवत नाहीये."

शार्शेन खिडकीबाहेर बघत राहिला.

"आपा?"

आपा चष्मा काढून शालीच्या टोकाने पुसायला लागली. "मला तेव्हा कुठे काय दिसत होतं, बाळा," ती म्हणाली. सकाळी सगळ्यांच्या आधी तिचेच हात वर गेले होते.

मग आरशात त्याचे डोळे बुरुलवर येऊन थांबले. "तू सांग."

हो म्हणणं किती सोपं होतं. दोन बोटांचं काम होतं. तिची बोटं खरोखरच मांडीवर जराशी हलली.

"नाही," बुरुल म्हणाली. "नाही फिरवलेत."

"बोलत होतो मी."

"बोलत होतात. पण त्यामुळे नाही. तुम्हाला कबरस्तान दिसलंच नाही. डावीकडे होतं."

तो दार उघडून खाली उतरला. गाडीला वळसा घालून कबरीच्या बाजूला आला आणि पुढच्या चाकावर हात टेकून उभा राहिला. बुरुल मागोमाग उतरली. वारा होता, लोखंडी चंद्रकोर किरकिरत होती.

"दाढी," तो म्हणाला. "ती रोज राहते?"

"रोज. साबण राहिला म्हणून मी वस्तरा फिरवते ना, ते तेच."

"अजून?"

"पलंग भिंतीला लावला ते."

"थंडीसाठी म्हणालीस."

"नाही. आणि पियाला. आणि नातवंडांना सांगून ठेवलंय, अताच्या उजवीकडूनच जायचं."

"अजून काय राहिलं?"

तिला सांगवेना, पण आता थांबण्यातही अर्थ नव्हता. "ताटली. तुम्ही उजवीकडचं तेवढं खाता. मग मी ताटली फिरवते."

"फिरवते म्हणजे?"

तिने हवेत दोन बोटं फिरवून दाखवली. इशेनबेकने त्या बोटांकडे बघितलं.

"मला वाटायचं, तू पुन्हा वाढतेस," तो म्हणाला. "वर्षभर मी मनात म्हणतोय, ही बाई म्हातारपणी किती मायेने वाढायला लागली. मी एकदा 'पुरे' म्हणालो नाही, माहितीये? तुला वाईट वाटेल म्हणून. पोट भरलेलं असलं तरी खात होतो."

बुरुलला हसू आलं आणि त्याच्यातच रडू फुटलं. "मायेनेच फिरवत होते," ती म्हणाली. "आणि थकले होते म्हणून. मी फार थकलेय हो. तुम्ही घराबाहेर पडाल तर बरं, असं मला वाटत होतं. म्हणून सकाळी बोलले नाही. नारिनलाही बोलले नाही. सगळ्यांना मारलं असतं मी."

 त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्याने बापाच्या कबरीकडे तोंड करून हात पुन्हा एकदा तोंडावरून फिरवले, हे सकाळचे राहिलेले, मग वळून शार्शेनच्या खिडकीशी आला आणि किल्ली आत टाकली.

"सोमवारचा नंबर दुसऱ्या कुणाला दे."

"नंबर काय पळून जातोय?" शार्शेनचा आवाज फाटला होता. "वसंतात बघू. पुढच्या वर्षी बघू. मी ठेवतो तो."

"ठेवू नकोस," इशेनबेक म्हणाला. "ठेवलास तर मी रोज विचारेन. आणि तू सकाळी तोंड उघडायचं होतंस, गाढवा. शेजारी कशाला बसवला होता तुला?"

"हो," शार्शेन म्हणाला. "चुकलं माझं."

मग शार्शेन ड्रायव्हरच्या जागेवर बसला आणि इशेनबेक मागे, आपाच्या आणि बुरुलच्या मध्ये. पंचवीस वर्षांत तो आपल्या गाडीत मागे कधी बसला नव्हता. गुडघे कुठे ठेवायचे ते त्याला समजेना. डोलोन चढून उतरेपर्यंत त्याने डोळे मिटून घेतले, पण झोपला नव्हता. प्रत्येक वळणाला त्याचा उजवा पाय ब्रेक शोधत होता.

सारी-बुलाकला रस्त्याकडेच्या जुन्या वॅगनमध्ये खाणावळ आहे. शार्शेनने न विचारताच गाडी तिथे घातली. आतल्या बाईने चौघांपुढे मांतीच्या ताटल्या ठेवल्या. आपल्या मोदकाएवढ्या, आत मांस आणि कांदा, प्रत्येकी सहा, वाफ येत असलेल्या. सगळे खायला लागले.

इशेनबेकने उजवीकडच्या तीन खाल्ल्या. मग काटा ताटलीवर वाजला. बुरुल किटलीकडे वाकलीसुद्धा होती. अर्ध्यावर तिने हात मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरून ठेवले. इतकं अवघड काम तिने चौदा महिन्यांत केलं नव्हतं.

"झालं माझं," इशेनबेक म्हणाला आणि काटा खाली ठेवला.

शार्शेन खायचा थांबला. आपाने चष्म्यातून मुलाच्या ताटलीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि ओठ मिटून घेतले.

इशेनबेकने रुमालाने तोंड पुसलं. मग त्याची नजर बुरुलच्या मांडीवरच्या हातांवर गेली. तिथे थोडा वेळ राहिली. त्याने मान डावीकडे वळवायला सुरुवात केली, सावकाश, टेबलाची कड सापडेपर्यंत, आणि मग कडेवरून बोट सरकवत ताटलीपर्यंत परत आला. दोन बोटांनी त्याने ताटली फिरवली.

"तीन आहेत अजून," तो म्हणाला.

"खा मग," बुरुल म्हणाली.

तो खायला लागला. बुरुलने आपली ताटली पुढे ओढली. तिच्या मांती अजून गरम होत्या.